पान बारावरची अट

केळुसकरकाकांच्या गाडीत बसलं की आधी तापमान ऐकावं लागे. डॅशबोर्डवर त्यांनी एक छोटा थर्मामीटर चिकटवला होता. सीटबेल्ट लावून, चष्मा पुसून ते त्याच्याकडे बघत, "एकतीस" किंवा "बत्तीस पूर्णांक पाच" असं जाहीर करत आणि मगच गाडी गल्लीतून बाहेर काढत. याचा कुणाला काही उपयोग नव्हता. मागच्या सीटवरचे कासमभाई "मुबारक हो" म्हणून डोळे मिटून घेत.

दोन हजार तेरा ते अठरा अशी पाच वर्षं मस्कतमध्ये मी त्या गाडीतून माबेल्याहून गालाला कामाला गेले. माबेल्यात भाडी परवडतात म्हणून आम्ही राहायला तिथे आणि वर्कशॉपं सगळी गालात, त्यामुळे रोजचा जाता-येता पाऊण-पाऊण तास गाडीतच जायचा. मला गाडी चालवता येत नव्हती असं नाही. इथल्या परीक्षेत पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यावी लागते आणि त्या पिंपांनी मला तीनदा नापास केलं होतं. नवरा सोहारच्या साइटवर, तो गुरुवारी संध्याकाळी उगवायचा. कासमभाईंचं गालात मोटारींच्या एसीचं गॅरेज होतं. ते रत्नागिरीकडचे, काका वेंगुर्ल्याकडचे आणि मी नाशिकची, म्हणजे गाडीत समुद्राची बाजू नेहमीच वरचढ असे.

काका आणि मी एकाच ठिकाणी कामाला होतो. कारखाने, शीतगृहं, दवाखाने यांच्याकडून दाब मोजायची घड्याळं आमच्याकडे यायची, म्हणजे ते काटेवाले गेज. काका प्रयोगशाळेत ती प्रमाण गेजशी ताडून बघत. मी सर्टिफिकेट टाइप करी आणि गेजच्या काचेवर गोल स्टिकर लावी. मालक सालिम ओमानी, इब्रा गावचा, शांत, जाडसर माणूस. त्याला सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. काका मात्र सालिमच म्हणत आणि त्याला ते आवडत असावं.

पहिल्याच आठवड्यात मी काकांचा ओरडा खाल्ला. खरं तर ते ओरडत नसत, आवाज आणखी खाली नेत आणि तेच जास्त लागे. सर्टिफिकेटवर एक ओळ असते: मोजणी कोणत्या परिस्थितीत केली, खोलीचं तापमान किती. आधीच्या मुलीने सगळीकडे वीस अंश लिहिलं होतं, म्हणून मीही छत्तीस सर्टिफिकेटांवर वीस अंश लिहिलं. काकांनी मला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं आणि भिंतीवरचा थर्मामीटर दाखवला. सव्वीस होते. जूनमध्ये गालातला एसी बिचारा त्याच्या खाली येतच नसे.

"पण काका, गेजचे आकडे तर बरोबर आहेत ना?"

"आकडे बरोबर आहेत. अट खोटी आहे. खोट्या अटीवरचा खरा आकडा घेऊन माणसाने काय करायचं?"

छत्तीसच्या छत्तीस पुन्हा टाइप केली. गिऱ्हाइकाने ती परत पाठवली, त्यांना वीसच हवे होते. सालिम वर आला, काकांशी हिंदीत बोलला, मग अरबीत स्वतःशीच बोलला. काका म्हणाले, "सालिम, दो रास्ते हैं. या छब्बीस लिखूँगा, या नया एसी लगाओ." आठ दिवसांनी नवा एसी आला. तेव्हापासून ती ओळ टाइप करताना मी उठून भिंतीपर्यंत जाऊन येई. आता नाशिकला, दुसऱ्या नोकरीत, जिथे तापमानाचा काही संबंध नाही तिथेही मी कुठलीही गोष्ट लिहिण्याआधी उगाच भिंतीकडे बघते.

"कोणत्या अटीवर?" हा त्यांचा आवडता प्रश्न. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी पगार वाढणार, तर "कोणत्या अटीवर?" मी म्हणाले, यंदा मी ड्रायव्हिंगला पास होणार, तरी तेच. सुनंदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, "लग्नाला होकार दिला तेव्हाही ह्यांनी हेच विचारलं होतं. मी म्हटलं, रोज मासे आणायचे. तर खरंच आणतात."

हे अटींचं वेड कुठून आलं ते मला हळूहळू कळलं. तरुणपणी काका पुण्यात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. तीन वर्षं झाली होती. तेवढ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला, धाकटी भावंडं शिकत होती, मेव्हण्याने व्हिसा पाठवला आणि सव्विसाव्या वर्षी काका प्रबंध अर्धा टाकून मस्कतला आले. विषय मात्र त्यांनी बरोबर आणला. दर शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये इस्त्रीचं टेबल उघडून, त्यावर वही ठेवून ते उभ्याने गणित करत. बसून केलं की झोप येते, असं त्यांचं म्हणणं. त्या सकाळी काकूंना कपड्यांना इस्त्री करता येत नसे.

तो विषय मला जेवढा कळला तेवढा सांगते. सापेक्षतावादाची समीकरणं फार भोळी आहेत. त्यांत तुम्ही कसलंही द्रव्य घाला, ती तसं विश्व काढून देतात: भूतकाळात जाणारी वाटही देतील, आकाशातले चोरदरवाजेही देतील. म्हणून शास्त्रज्ञांनी द्रव्यावर अटी घातल्या. त्यातली साधी अट अशी, की ऊर्जा कुठेही शून्याच्या खाली जाता कामा नये. ही अट धरली की चोरदरवाजे बंद होतात. भानगड अशी, की क्वांटम भौतिकी ही अट पाळत नाही. अगदी रिकाम्या जागेत, थोड्या वेळापुरती, ऊर्जा शून्याखाली जाऊ शकते.

हे पहिल्यांदा गाडीत निघालं तेव्हा कासमभाईंनी डोळे उघडले. "त्यात काय नवल? आमी एसीत गॅस भरायच्या आधी पंप लावताव, तवा काटा शून्याच्या खालीच जातो."

"तुझा शून्य खोटा आहे, कासम. तुझ्या गेजचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. पंपाने हवा काढलीस की काटा त्याच्या खाली जातो, पण खरा शून्य त्याच्याही खाली असतो. तिथपर्यंत तुझा पंप पोचत नाही."

"आनि तुमची ती एनर्जी?"

"ती खऱ्या शून्याच्या खाली जाते. धातूचे दोन गुळगुळीत पत्रे एकमेकांच्या अगदी जवळ ठेवले, तर मधल्या पोकळीत काहीच नसण्यापेक्षाही कमी असतं."

 कासमभाई म्हणाले, "मंग मागं जायची वाट हाय म्हना की. मी जाईन. व्हिसा फाडीन आनि बापाच्या होडीवर बसेन."

"म्हणूनच तर अट हवी," काका म्हणाले. "नाहीतर अर्धं मस्कत मागे जाईल."

त्यांचं गणित याच जागेवर होतं. एका ठिकाणी, एका क्षणी ऊर्जा उणे झाली तर होऊ दे. पण प्रकाशाचा एक किरण घेतला आणि त्याच्या पूर्ण वाटेवरची ऊर्जा एकत्र मोजली, तर ती उणे भरते का? भरत नसेल तरी चोरदरवाजे बंदच राहतात. इतरांनी हे काही अटींवर सिद्ध केलं होतं. त्यातली एक अट अशी, की किरणाची वाट ही सगळ्यात जलद वाट असली पाहिजे, तिच्याआधी पोचणारी दुसरी वाट नसावी. ही एक अट काकांना काढून टाकायची होती. तिच्याशिवाय सिद्धता उभी राहिली तर ते काम त्यांचं स्वतःचं, दुसऱ्या कुणी न केलेलं.

इब्र्याला आम्ही एकदा गेलो होतो, सालिमच्या भावाच्या शीतगृहातले गेज तपासायला. काम झाल्यावर सालिमने घरी जेवू घातलं आणि खजुरांच्या बागेत नेलं. तिथे फलज वाहत होता, म्हणजे डोंगरातलं पाणी गावात आणणारा पाट. सालिमने विचारलं, शुक्रवारी वहीत काय लिहितोस? काकांनी एक वाळकं पान पाण्यात टाकलं. पाटाच्या कोपऱ्यावर दगडामागे पाणी जरा उलटं फिरत होतं, पान तिथे अडकून दोन वीत मागे आलं.

"देखो, इधर पानी उल्टा जा रहा है. लेकिन पहाड़ से लेके बाग तक पूरा देखो तो?"

"नीचे ही जाता है," सालिम म्हणाला. फलजच्या पाण्याच्या पाळ्यांवरून गावात पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेले, त्याला हे लगेच समजलं. "पूरा फलज देखना चाहिए. एक जगह देख के झगड़ा नहीं करना."

"बस, हेच," काका मराठीतच म्हणाले, इतके खूश झाले होते.

सालिमने थोडा विचार केला. "और जो पानी कहीं जाता ही नहीं? गोल घूम के वापस उधर ही आता है?"

काका हसले. "सालिम, फलज में पानी वापस नहीं आता." सालिमही हसला आणि आम्ही कहवा प्यायला गेलो.

दोन हजार सोळाच्या सुमारास सिद्धता पुरी झाली. एकतीस पानं. छापून येण्याआधी जगभरचे लोक ज्या साइटवर आपले निबंध ठेवतात, तिथे काकांनीही ठेवला. नावाखाली संस्थेचं नाव लिहावं लागतं, तिथे त्यांनी नुसतं "गाला, मस्कत" लिहिलं. पुण्याचे त्यांचे जुने सहाध्यायी दिघे आता विभागप्रमुख होते. त्यांनी तो वाचला आणि फोन केला. म्हणाले, या कामावर मी तुझं नाव पीएच.डी.ला पुन्हा नोंदवून देतो, दोन वर्षांत प्रबंध होईल. पन्नाशी उलटलेल्या माणसाला घ्यायचं तर कमिटीपुढे मलाच भांडावं लागणार आणि मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, तेव्हा आत्ताच ये.

मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. दोन दिवस गाडीत तापमान सांगायचं विसरले. मी चिडवायची संधी सोडली नाही. म्हटलं, "काका, मागे जाता येत नाही हे सिद्ध केलंत आणि त्याच्याच जोरावर तुम्ही सव्विसाव्या वर्षात मागे निघालात." ते लाजले. खरंच, कानापर्यंत लाल झाले. सालिमकडे राजीनामा दिला. तीन महिन्यांची मुदत होती. काकूंनी सामान आवरायला घेतलं, हॉलचे पडदे शेजारच्या मल्याळी बाईंना देऊन टाकले.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, सकाळी, माबेल्याच्या मोठ्या गोलावर, म्हणजे राउंडअबाउटवर, आम्ही नेहमीप्रमाणे शिरलो आणि आमची एग्झिट निघून गेली. माणूस चुकतो. पूर्ण फेरी मारून आलो, पुन्हा एग्झिट गेली. तिसऱ्या फेरीला कासमभाई पुढे वाकले. "अवो केळुसकर, काय करताव काय? रस्ता इसरलाव?"

काकांनी कशीबशी गाडी बाहेर काढली आणि एका टायरच्या दुकानासमोर उभी केली. हात स्टिअरिंगवरच होते. माझ्याशी ते मालवणीत बोलले, जी ते फक्त काकूंशी बोलत.

"चुकला गे माजा."

मला वाटलं रस्त्याबद्दल म्हणतायत. मग त्यांनी पिशवीतून वही काढली, पान काढून दाखवलं. किरणाची रेघ पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सरळ गेलेली. शेकडो पानांवर तशीच.

"मी लिहिलंय, किरण लांब जातो, जिथे सगळं शांत आहे तिथे. त्यावर पान बारा उभं आहे आणि त्याच्यावर पुढची एकोणीस. पण जागाच नळीसारखी वळलेली असली तर? किरण लांब जातच नाही. फिरून तिथेच येतो, प्रत्येक फेरीत तीच उणे ऊर्जा पुन्हा भेटते आणि बेरीज उणेच होत जाते. इतरांची ती सगळ्यात जलद वाटेची अट नेमकी असले किरण वगळते. हे उदाहरण मला पुण्यात असल्यापासून माहीत आहे. मला माहीत आहे गं ते."

"मग ही अट लिहायची राहिली, एवढंच ना?"

"मी ती अट घातलीय हे मलाच माहीत नव्हतं."

कासमभाईंनी उतरून शेजारच्या चहाच्या दुकानातून तीन चहा आणले.  त्या दिवशी आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो, काकांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

दिघ्यांना त्यांनी प्रयोगशाळेतूनच फोन केला. हातात गेज होता म्हणून फोन स्पीकरवर ठेवला आणि मी सर्टिफिकेटं घेऊन तिथेच उभी होते. जावं की थांबावं कळेना.

"अरे, मग पुढच्या आवृत्तीत घाल की ती अट," दिघे म्हणाले. "कमिटी पुढच्या महिन्यात आहे. बारावं पान वाचणारं तिथे कोण आहे?"

"ती अट घातली तर माझं असं काय उरतं? इतरांनी केलंय तेच उरतं."

"श्रीनिवास, मी पुढच्या वर्षी नसेन. परत हे जमणार नाही."

"माहीत आहे मला."

"मग मी त्यांना काय सांगू?"

"चुकलं म्हणून सांग," काका म्हणाले, आणि गेजचा काटा शून्यावर आला की नाही ते बघायला वाकले.

त्या दुपारी साइटवरून निबंध मागे घ्यायचा फॉर्म मी भरला.  कारणाच्या रकान्यात त्यांनी मला इंग्रजीत एक वाक्य सांगितलं, सर्टिफिकेटवरची ओळ सांगावी तसं, सावकाश. मतलब असा, की पान बारावर किरण परत येत नाही असं गृहीत धरलं आहे आणि ही अट लिहिलेली नाही, चूक लेखकाची आहे. मी म्हटलं, शेवटचे शब्द कशाला, ते तर उघडच आहे. म्हणाले, "लिही." निबंध काढला तरी कारण त्या साइटवर राहतं, त्यांच्या नावावर जगात आज तेवढीच एक ओळ आहे. मी अधूनमधून उघडून बघते, अजून आहे.

मला राग आला होता. काकांचा, दिघ्यांचा, त्या गोलाचा. थोडं गप्प बसले असते तर काय बिघडत होतं, असं मनात येऊन गेलं आणि मग छत्तीस सर्टिफिकेटं आठवली. बाथरूममध्ये जाऊन मी रडले, हे त्यांना कधी कळलं नाही.

काकूंनी पदर खोचून सगळं ऐकून घेतलं. मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडेच होते. काकू म्हणाल्या, "सगळ्या जगाला अट विचारत फिरलात. स्वतःला विचारायचं तेवढं राहिलं." मग उघड्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "पडदे दिलेत मी. आता त्या बाईकडे परत कोणत्या तोंडाने मागू?" आणि उठून मासे तळायला गेल्या. काका इस्त्रीच्या टेबलापाशी नुसते उभे राहिले. टेबलावर वही नव्हती, काकूंची साडी होती.

दुसऱ्या दिवशी ते सालिमच्या केबिनमध्ये गेले. मी आत सह्या घेत होते.

"सालिम, इस्तीफ़ा वापस चाहिए."

"क्यों? पूना नहीं जाना?"

"इब्रा में तुमने पूछा था, पानी गोल घूम के वापस आए तो. मैं हँसा था. हँसना नहीं चाहिए था."

सालिमला त्यातलं काही आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण काकांचा चेहरा त्याने बघितला. खण उघडून पत्र काढलं, दोन बोटांत धरलं आणि गंभीरपणे म्हणाला, "किस शर्त पे?"

काकांनी प्रश्न खरा धरला. थोडा विचार करून म्हणाले, "लॅब का एसी. फिर चौबीस के नीचे नहीं आता."

सालिम इतका हसला की त्याची टोपी सरकली. "यल्ला, खलास," म्हणत त्याने पत्राचे चार तुकडे केले.

काका पुन्हा गेजवर आले. काही आठवडे शुक्रवारी टेबल उघडलंच नाही, काकूंनी पोटभर इस्त्री केली. मग एका शुक्रवारी मी वाटी परत करायला गेले तर टेबल उघडं आणि वही वर. नवे पडदे पिवळे होते. मी वहीत डोकावले. पानावर रेघ नव्हती, वर्तुळ होतं आणि सगळ्यात वर, चौकटीत, एकाखाली एक पाच अटी लिहिलेल्या. मी वाटी काकूंच्या हातात दिली. 

अठरा साली नवऱ्याला नाशिकला नोकरी मिळाली आणि आमचं परतायचं ठरलं. शेवटच्या दिवशी कामावरून परत येताना मी नेहमीसारखी पुढच्या सीटवर होते. मांडीवर सालिमने दिलेला खजुरांचा डबा होता. निघताना काकांनी चष्मा पुसला, "चौतीस" म्हणाले.  पिंपांची परीक्षा अखेर पास न होताच चाललीस, असं त्यांनी वाटेत ऐकवलं.

माबेल्याच्या गोलावर शिरलो आणि एग्झिट निघून गेली.

"केळुसकर," मागून कासमभाई म्हणाले, "एग्झिट गेली."

"माहीत आहे," काका म्हणाले.

गाडी सावकाश चालली होती. मागच्या पिकअपने हॉर्न दिला, काकांनी हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ दिलं. टायरचं दुकान गेलं, मशीद गेली, पुन्हा आमची एग्झिट आली. ती दुसऱ्यांदाही गेली तेव्हा कासमभाईंनी मागे टेकून डोळे मिटून घेतले.